वाटकुळो, वाटकुळी, वाटकुळा

एका शब्दाशी जन्मभर इमानाने राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. लोक जमिनीला जपतात, मानपानाला जपतात, पोटाच्या तक्रारींना तर फारच जपतात. माझ्या घरमालकांनी एक शब्द जपला, आणि तोही असा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो शापच वाटला. मी घाटावरचा. मालवणपासून चालत तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात, प्राथमिक शाळेवर माझी नेमणूक झाली ते पंचावन्न-छप्पनचे दिवस. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही सगळे रत्नागिरीचेच. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी वळकटी, ट्रंक आणि आईने दिलेला पितळी तांब्या एवढा संसार घेऊन मी त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, उभा राहिलो. घरातली लेक सासरी गेल्याने मोकळी झालेली मागची एक खोली भाड्याने मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मी कुणापैकी हेही विचारलं नाही. माझ्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला, डोळे मिटले, त्याच्या पोटावरून तीन वेळा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वाटकुळो आसा." मग घराकडे तोंड करून ओरडले, "गो, मास्तरांचो भात ठेव!" मला त्यातलं 'वाटोळं' तेवढं ऐकू आलं. गावातल्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच पायरीवर या गृहस्थाने आपलं वाटोळं जाहीर करून टाकलं, असं वाटून मी ट्रंक उचलायच्याच बेतात होतो. तेवढ्यात त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिने माझा चेहरा पाहिला आणि हसू दाबत म्हणाली, "घाबरू नकात, मास्तरांनू. वाटकुळो म्हणजे गोल. ह्यांका तुमचो तांब्यो आवाडलो." त्या बाईंना मी पुढे काकी म्हणू लागलो आणि त्या खोलीत सात वर्षं राहिलो.

वाटकुळो, वाटकुळी, वाटकुळा. मालवणीत हा शब्द असा तिन्ही लिंगांत चालतो आणि तिन्हीत निष्पाप असतो. पुस्तकी मराठीत त्याचा सख्खा भाऊ आहे, वाटोळा. पण हा भाऊ घाटावर येऊन वाईट संगतीला लागला. आमच्याकडे कुणी 'वाटोळं' म्हणालं की घर तरी बुडालेलं असतं नाहीतर पोरगं तरी बिघडलेलं असतं. कोकणातला भाऊ मात्र घरीच राहिला आणि सज्जन राहिला. घरमालकांचं म्हणणं त्याहून पुढचं होतं. ते म्हणत की जगात गोल वस्तू पुष्कळ, पण वाटकुळ्या वस्तू फार थोड्या, आणि लोक एका शब्दाच्या जागी दुसरा वापरतात हा निव्वळ आळस आहे. "गोल तो कागदावरचो," ते मला समजावून सांगत. "कंपासान काढलो, झालो. वाटकुळा ता हातात येवक होया. आंगठो फिरवलो तर खंय अडाक नाय होयो. आणि भितरसून भरलेला होया, मास्तरांनू. भायलो आकार बरो आसलो तर गोल. भितरसून भरलो तर वाटकुळो." हे सांगताना त्यांचा स्वर असा असे की जणू काही शब्दांचा सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

दिसायला स्वतः काठीसारखे सरळ. कचेरीत कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे गाव त्यांना अजून 'कारकून' म्हणूनच हाक मारी. सकाळी अंघोळ, पूजा आणि पेज झाली की ते परसात हिंडत आणि दिसेल त्या वस्तूची परीक्षा घेत. नारळ त्यांच्या लेखी केव्हाच नापास झालेला, कारण सोलल्यावर त्याला तीन कोन निघतात. आवळ्याला धारा असतात म्हणून तो बाद. सुपारी खालून चेपकी. रातांब्याला, म्हणजे ज्याची आमसुलं होतात त्या फळाला, एखाद्या वर्षी मान मिळे, तोही झाडावरच्या चार-पाचांनाच. समुद्राकडच्या उंडीच्या झाडाचं फळ तेवढं हमखास पास होई. ते खायच्या उपयोगाचं नाही याची त्यांना खंत होती. "देवान सगळ्यात वाटकुळा फळ केल्यान आणि त्येका कडू करून ठेवल्यान," असं ते देवाच्या वतीने ओशाळून म्हणत. पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही खळ्यात बसलेलो असताना चंद्र वर आला की मी मुद्दाम विचारी, "आज तरी?" ते कपाळावर हात धरून बराच वेळ बघत आणि म्हणत, "उजवेकडसून वायच कमी आसा." वायच म्हणजे जरासा. या 'वायच'ने त्यांनी चंद्राला सात वर्षं ताटकळत ठेवलं.

हा सगळा घरगुती खुळेपणा असता तर गावाने दुर्लक्ष केलं असतं. पण गाव त्यांचा शब्द मानत होतं, हीच तर गंमत होती. गणपतीच्या आधी महिनाभर चिताऱ्याच्या शाळेत, म्हणजे गणपतीच्या कारखान्यात, मूर्ती वाळत पडत. रंग चढवायच्या आधी चितारी स्वतः येऊन त्यांना बोलावून नेई, आणि मग हे मूर्तींच्या रांगेतून एकेका गणपतीच्या पोटावर अंगठा ठेवत फिरत. एकदा मीही बरोबर होतो. एका मोठ्या मूर्तीपाशी ते थबकले, मान तिरकी केली आणि गंभीरपणे म्हणाले, "पोट बरा आसा. पण वाटकुळा नाय. देव उपाशी दिसता." चितारी वयाने त्यांच्याहून मोठा, हाताखाली चार माणसं. पण तो उठून ओल्या मातीचा गोळा घेऊन आला आणि देवाला जेवायला घातल्यासारखा पोटावर लावू लागला. गावात विहीर खणली की हे काठावर पालथे पडून आत बघणार. सोनाराने पाटल्या केल्या की आधी यांच्या हातात. लग्नाच्या मुलीचं वर्णन करताना "कारकुनांनी तोंड वाटकुळा म्हटल्यानी हा" एवढं एक वाक्य पुरत असे, पत्रिका मागाहून बघितल्या जात. माझ्या शाळेवरही त्यांनी एकदा चाल केली. चौथीच्या वर्गात मी 'पृथ्वी गोल आहे' शिकवत होतो आणि हे खिडकीशी उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी घरी आल्यावर मला समोर बसवून विचारलं, "दोन्ही टोकांक चेपलेली म्हणतास मां तिका?" मी म्हटलं, हो. त्यांनी जरा विचार केला आणि उदार मनाने निकाल दिला, "गोल म्हणा. चलात." पृथ्वीला याहून वरचा दर्जा त्यांनी अखेरपर्यंत दिला नाही.

ऐन नोकरीत याच शब्दाने त्यांचा घात केला होता, आणि ती हकिगत गावात इतक्या वेळा सांगितली जाई की मला ती पाठ झाली. कचेरीत बोलायचं ते शुद्ध मराठीत आणि लिहायचं तेही शुद्ध मराठीत, हा तिथला रिवाज. तालुक्यातल्या तळ्यांची माहिती वर पाठवायची होती. देवळाजवळच्या तळ्याबद्दल लिहायला बसले आणि कारकुनांना पेच पडला. तळं तर वाटकुळं, यात शंका नव्हती. त्यांनी ते चहूबाजूंनी चालून बघितलेलं. पण मालवणी शब्द सरकारी कागदावर कसा लिहायचा? 'गोल' लिहायला मन घेईना. तेव्हा त्यांनी त्याचा शुद्ध मराठी भाऊ शोधून काढला आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं : 'सदरहू तळे पूर्वापार वाटोळे असून त्याबद्दल गावकऱ्यांची काही तक्रार नाही.' वरचे साहेब घाटावरचे, नवीन बदलून आलेले. त्यांनी समासात लाल शाईने शेरा मारला की तळ्याचे पूर्वापार वाटोळे झाले असताना या कार्यालयास आजवर का कळविले नाही. आणि कागदावर न थांबता जीप काढून, बरोबर ओव्हरसियर घेऊन स्वतःच गावात आले. तळं काठोकाठ भरलेलं, कमळं फुललेली, म्हशी निवांत बसलेल्या.

"वाटोळं कुठं झालंय?" साहेबांनी विचारलं.

"हे काय साहेब, समोर," कारकून म्हणाले.

"अहो, पाणी तर तुडुंब आहे!"

"पाणी तुडुंबच आहे, साहेब. तळे वाटोळे आहे."

"म्हणजे नेमकं कुठल्या बाजूनं?"

"सगळ्याच बाजूंनी, साहेब. तीच तर त्याची शोभा."

ओव्हरसियर मालवणचा होता. त्याला सगळा उलगडा पहिल्याच वाक्याला झाला होता, पण तो म्हणे म्हशींकडे तोंड करून खांदे हलवत उभा राहिला. साहेबांनी खुलासा मागवला. कारकुनांनी तीन पानांचा खुलासा लिहिला आणि त्यात गोल, वाटोळा आणि वाटकुळा यांतला भेद विस्ताराने समजावून दिला. उत्तर आलं की यापुढे 'गोलाकार' असे लिहीत जावे. इथे दुसरा कुणी गप्प बसला असता. यांनी उलट कळवलं की गोलाकार म्हणजे गोलाचा आकार असलेले. तळ्यापाशी मुळात गोल नाही, त्यामुळे त्याचा आकार तळ्याला येण्याचे कारण दिसत नाही. त्यानंतर आठ दिवसांत त्यांची वेंगुर्ल्याला बदली झाली. वाटोळा हा शब्द त्यांनी त्या दिवसापासून टाकला तो टाकलाच. बदनाम माणसाशी संबंध तोडावा तसा. वाटकुळा मात्र अधिकच जवळ केला. हे सांगून झालं की ते स्वतःच मोठ्याने हसत आणि काकींकडे चोरून बघत. काकी त्या वेळी हसत नसत, आणि ते का, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्याला कारण होती भाकरी. काकी रोज सकाळी तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या करत. उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, मळून, परातीत थापून. त्यांचा हात गावात नावाजलेला. कुणाच्या घरी बारसं-मुंज असली की भाकऱ्यांना काकी हव्यातच. तव्यावरची पहिली भाकरी उतरली की ती त्या नवऱ्याच्या ताटात वाढत आणि मग चुलीकडे न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहत, दुसरी भाकरी तव्यावर करपायला लागली तरी. हे भाकरी तळहातावर घेत, फिरवत, उजेडाकडे धरत. मी दम धरून बसलेला असे. मग निकाल येई. "बरी आसा." कधी, "कालच्यापरास बरी." फार झालं तर, "आज लागी इली हा," म्हणजे जवळ आली आहे. काकी खांदे उडवत. "माका काय! भाकरी पोटात जावची, ती काय भिंतीर टांगूची आसा?" आणि जाता जाता टोला, "स्वताचा डोक्या बगा आधी आरशात. एका बाजून चेपलेला." पण दुसऱ्या दिवशी परत पहिली भाकरी त्यांच्याच ताटात आणि काकी चौकटीशी. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं, म्हणजे मी गेलो तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. तीस वर्षांत त्या बाईने दागिना मागितला नाही, मुंबई दाखवा म्हटलं नाही. तिला नवऱ्याच्या तोंडून आपल्या भाकरीसाठी तो एक शब्द हवा होता, आणि तो तिला एकदाही मिळाला नव्हता.

मी तेव्हा तरुण होतो आणि तरुण माणसाला दुसऱ्याच्या संसारातला पेच सोडवायची फार हौस असते. मी काकींना सुचवलं, भाकरी थापून झाली की वरून डब्याचं झाकण दाबा, कडा आपोआप कापल्या जातील. काकींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना परीक्षेत नक्कल करायला सांगितली होती. "मास्तरांनू, ती भाकरी न्हय. ता बिस्कूट." मग मी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. समुद्रावर फिरायला गेलो असताना घरमालकांना म्हटलं, "एकदा म्हणून टाका ना. शब्दच तो. काय जातं तुमचं?" त्यांनी वाळूतला एक गोटा उचलला, अंगठा फिरवला आणि टाकून दिला. मग म्हणाले, "म्हटलंय आसतंय रे. पण तिका कळतला. तिची नजर माझ्यापरास बारीक आसा. एकदा खोटा म्हटलंय तर मगे माझ्याकडे तिका देवक काय उरला?" आणि थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "तिका वाटता, ती एकटीच वाट बगता."

वेंगुर्ल्याची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली. बदली झाल्यावर ते तिकडे एकटेच खोली घेऊन राहत होते, काकी इकडे. एके दिवशी सकाळी काकींनी भाकरी उतरवली आणि ती वाटकुळी होती. शेजारणी गोळा झाल्या, सगळ्यांनी अंगठे फिरवून बघितले, कुणाचाच अडला नाही. काकींनी ती भाकरी कुणाला खाऊ दिली नाही. फडक्यात गुंडाळून शिंक्यात ठेवली आणि नवरा शनिवारी येईपर्यंत चार दिवस रोज उघडून बघितली. शनिवारी हे आले. फडकं सोडलं तर भाकरी वाळून कडेने उचलली गेलेली, मधे तडा गेलेला. शेजारणींनी शपथा घेतल्या. "माझो इश्वास बसलो, मास्तरांनू," ते म्हणाले. "तिच्यार बसलो, त्या सगळ्यांर बसलो. पण समोर होती ती वाटकुळी नाय होती. मी काय म्हणतलंय?" त्या दिवशी काकींनी ती भाकरी गाईला घातली. तळ्याच्या गोष्टीला त्या हसत नसत ते यासाठी. तळ्याला दिलेल्या शब्दापायी त्यांचा शब्द हुकला होता.

माझ्या मुक्कामाच्या सहाव्या वर्षी काकी पाखाडीवरून पडल्या. चिऱ्याच्या त्या पायऱ्यांना शेवाळ धरलेलं, डोक्यावर पाण्याची कळशी. उजवं मनगट मोडलं. वैद्याने बांबूच्या कामट्या लावून बांधलं, पण दोन महिन्यांनी सोडलं तेव्हा हात वाकडा सांधलेला होता. मूठ मिटे, पण मनगट फिरत नसे. त्या दोन महिन्यांत घरमालक स्वतः चुलीपुढे बसले. त्यांनी थापलेल्या भाकऱ्यांबद्दल मी एवढंच सांगतो की त्या वर्गात नेऊन टांगल्या असत्या तर मला नकाशे मागवावे लागले नसते. काकी खाटेवरून बघत आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मग एकदम हसू थांबे, आणि त्या पदराखाली आपल्या मनगटाला दुसऱ्या हाताने वळवून बघत. भाकरी एका हाताने दाबायची असते आणि दुसऱ्याने फिरवायची असते. आता ते होणार नव्हतं, हे त्यांना कळलं होतं. आम्हा दोघांनाही कळलं होतं.

कामट्या सोडल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन आलो तर चुलीपुढे काकी. घरमालक पाटावर, मला त्यांनी डोळ्यांनीच गप्प बस म्हणून खुणावलं. परातीवर हात पडत होता, पण तो पूर्वीचा एकसारखा आवाज नव्हता. मधे थांबत होता, घसरत होता. बऱ्याच वेळाने भाकरी तव्यावरून उतरली आणि ताटात आली. एका बाजूला फुगवटा, दुसरीकडे कड आत गेलेली, एका ठिकाणी बोटं रुतल्याच्या खुणा. काकी उठल्या, चौकटीला टेकल्या. वाकडा हात त्यांनी पदरात घेतला होता.

"बोला," त्या म्हणाल्या. "आणि खोटा बोललास तर मी आज जेवूचंय नाय."

मी ताटाकडे बघत राहिलो. मला त्या माणसाची मनापासून कीव आली. 'नाही' म्हणायचं तर समोर त्या हाताची बाई उभी, आणि 'हो' म्हणायचं तर ते ऐकून ती उपाशी राहणार. घरमालकांनी भाकरी तळहातावर घेतली. नेहमीसारखी फिरवली, उजेडाकडे धरली. मग त्यांनी फुगवट्याच्या बाजूचा एक एवढासा तुकडा मोडला आणि खाल्ला. भाकरी फिरवली. दुसरीकडून एक तुकडा मोडला, खाल्ला. ना चटणीला हात लावला, ना पाण्याला. एक तुकडा मोडायचा, चावून गिळायचा, डोळ्यांसमोर धरून बघायचं, अंगठा फिरवायचा, अडला की तिथून आणखी थोडं. तव्यावरची दुसरी भाकरी करपली, धूर झाला, पण कुणी हललं नाही. भाकरी बशीएवढी झाली, मग वाटीच्या तोंडाएवढी, मग पेढ्याएवढी. शेवटी तर ते नखाने कण कण काढत होते आणि तो कणही तोंडात टाकत होते. मग त्यांनी डोळे मिटले, अंगठा एकदा फिरवला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. ते पाटावरून उठले, चौकटीपाशी गेले, पदरातला तो वाकडा हात बाहेर काढून त्यावर तो घास ठेवला आणि म्हणाले,

"ही बग गो. वाटकुळी."

काकींनी डाव्या हाताचा अंगठा त्यावरून फिरवला. सावकाश, पुरता वेढा. त्यांचा अंगठा कुठे अडला नाही. त्या काही क्षण नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना एकदम राग आला. "छत्तीस वर्सां! छत्तीस वर्सां आख्खी भाकरी हातात धरून बसलास! ह्या आधी सुचाक नाय होया तुमका?" घरमालक म्हणाले, "भूक नाय होती गो इतकी," आणि स्वतःच्याच बोलण्यावर दचकल्यासारखे झाले. ते परत एकदा घास बघायला वाकले, तशी काकींनी तो चटकन तोंडात टाकला. "परत बगूक दिलंय तर काय तरी काढतलास," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, चुलीच्या धुराला नावं ठेवत बाहेर खळ्यात गेलो. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला. अजून वाटतो.

त्यानंतर मी तिथे वर्षभर होतो आणि रोज सकाळी हेच बघत होतो. काकींचा हात सुधारला नाही, भाकरी रोज नव्या तऱ्हेने वाकडी होई आणि घरमालक रोज ती खात खात शेवटच्या घासापर्यंत आणून काकींच्या हातावर ठेवत. कधी घास मोठा उरे, कधी अगदी वाटाण्याएवढा. काकी तपासून घेत आणि एखाद्या दिवशी एका जागी बोट ठेवून "हयसर अडता" म्हणून परतही करत. मग घरमालक मुकाट्याने आणखी थोडं खात. पुढे माझी बदली देवगडकडे झाली, लग्न झालं, संसार वाढला. दिवाळीला एक पत्र मी त्यांना पाठवी, त्यांचं एक येई.

सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला एक पत्र दिवाळीच्या आधीच आलं. तेच वळणदार अक्षर, तीच कचेरीतली शुद्ध मराठी. सौभाग्यवतीचे अल्पशा आजाराने निधन झाल्याचे कळविण्यास दुःख होते, दिवस यथासांग झाले, लेक जावयासह येऊन गेली, आपण काळजी करू नये. खाली सही होती. सहीच्या खाली जागा उरली होती, तिथे बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती त्यांनी बहुधा बऱ्याच वेळाने लिहिली असावी, कारण शाई वेगळी होती.

'हल्ली भाकरी मी सबंध खातो.'